मासवणचा म-सात बेटेगावला कसा गेला

तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं नोकरी केली. काहीही न सापडणं, हे तिथलं माझं काम. रोज सकाळी पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे असं सगळं चढवायचं. हवेचे, पाण्याचे, टेबलांचे नमुने घ्यायचे. ते जिवाणू वाढवायचं आगर ओतलेल्या काचेच्या बशीत लावायचे आणि दोन दिवसांनी बशी उघडून बघायची. बशी कोरी निघाली की सगळे खूश. एखादा ठिपका उगवलेला दिसला की मीटिंग. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या बाईला सूक्ष्मजीव दिसू नयेत यासाठी पगार मिळत होता.

पुढे मुलगी शाळेत जायला लागली, शिफ्टचं गणित जमेना, म्हणून मी ती नोकरी सोडली. वर्षभर घरी बसल्यावर कळलं की पालघरच्या एका कॉलेजात एका प्रकल्पासाठी मदतनीस हवी आहे. मुलाखत घ्यायला एकटे सर होते. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "कोंबडीच्या विष्ठेची किळस येते का?"

"अजून कधी संबंध आला नाही, सर."

"येईल आता," ते म्हणाले आणि मला कामावर घेतलं.

प्रकल्प असा होता. पोल्ट्रीवाले पिल्लं आणतात, पाच-सहा आठवडे वाढवतात, मग गाडी येऊन सगळे पक्षी एकदम उचलून नेते. शेड रिकामं होतं, धुतलं जातं, काही दिवसांनी पुन्हा नवी पिल्लं येतात. अशा एका फेरीला लॉट म्हणतात. लॉट बदलला की कोंबड्या बदलतात, पण त्यांच्या पोटात आणि शेडमध्ये राहणाऱ्या जिवाणूंचं काय होतं? कोण कोंबड्यांबरोबर जातं, कोण मागे राहतं, नव्या पिल्लांच्या पोटात आधी कोण शिरतं? सरांना ई. कोलायमध्ये रस होता. ई. कोलाय म्हटलं की लोक घाबरतात, पण तो तुमच्या-माझ्या पोटातही असतो आणि त्याचे बहुतेक वाण कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकेक वाण ओळखायचा, त्याच्यावर पाळत ठेवायची, हे माझं काम.

सरांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. "एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये काहीही न्यायचं नाही. बूट वेगळे, हातमोजे वेगळे, कपडे बदलायचे."

मला जरा रागच आला. सहा वर्षं कोऱ्या बश्या काढलेल्या बाईला हे सांगायची काय गरज होती!

पहिलं शेड मासवणला मिळालं. पालघरहून मनोरकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, जिथे उतारामुळे भाताला पाणी ठरत नाही अशा तुकड्यावर ते उभं होतं. घरात मुलगा, सून, नातवंडं सगळी होती. पण शेड काकींचं. काकी साठीच्या, साडीवर जुना पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल. शेडच्या दारात उलटी बादली टाकून त्या बसायच्या आणि तिथून सगळा कारभार चालायचा.

आता शेडमधला नमुना कसा घेतात ते सांगायला हवं. बुटांवर प्लास्टिकचं कव्हर चढवायचं, त्यावर ओले सुती मोजे घालायचे आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. खाली भाताचं तूस पसरलेलं असतं, त्यात विष्ठा, पिसं, सांडलेलं खाद्य. ते सगळं मोज्यांना चिकटतं. मग मोजे काढून पिशवीत भरायचे आणि प्रयोगशाळेत न्यायचे. कागदावर चार फेऱ्या लिहिल्या होत्या. मी गंभीर चेहऱ्याने, मान खाली घालून, शेकडो पांढऱ्या कोंबड्यांमधून वाट काढत चार फेऱ्या मारल्या. काकी बादलीवरून बघत होत्या.

"बाय," त्या शेवटी म्हणाल्या, "कोनाला नवस बोलली हाय का?"

"नाही काकी, नमुना घेते आहे."

"मंग पाच कर. चार फेऱ्या बऱ्या नाय."

मी वाद घातला नाही. पाचवी फेरी मारली. पण एकदा मासवणला पाच झाल्यावर तुलना बरोबर व्हावी म्हणून सगळीकडे पाचच कराव्या लागल्या. सरांनी वहीत ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चारच्या पाच का झाल्या?" मी म्हटलं, "नमुना जास्त चांगला येतो." हे नंतर खरंही ठरलं.

मोज्यांशिवाय काही पक्ष्यांचं वजनही करायचं होतं. मी पालघरहून प्लास्टिकची टोपली आणली होती. तिच्यात कोंबडी ठेवली की तिचे पाय घसरायचे, ती पंख पसरून माझ्या तोंडावर यायची. काकी दोन आठवडे ते हसून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बांबूची टोपली घे, बाय. तिच्यात ती गप बसते." पुढच्या बाजाराच्या दिवशी मी बांबूची टोपली घेतली. खरंच, कोंबडी तिच्यात अशी बसायची जशी अंडं घालायलाच आली आहे. मी तिला तराजूच्या हुकाला अडकवायचे, आकडा वाचायचे, पक्षी खाली सोडायचे. घरी आले की टोपली साबणाने घासून बाल्कनीत उन्हात ठेवायचे.

प्रयोगशाळेतली मजा मात्र वेगळीच होती. ई. कोलाय ज्या आगरवर वाढवतात ते गडद जांभळं असतं आणि त्यावर त्याचे ठिपके हिरवट सोनेरी चमकतात, अगदी आमच्याकडे पावसाळ्यात दिव्यापाशी येणाऱ्या एखाद्या भुंग्याच्या पाठीसारखे. इतकी वर्षं कोऱ्या बश्या पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना ते बघून जत्रेत आल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी मी नवऱ्याला फोटो पाठवला. तो एका कारखान्यात बॉयलरवर असतो. त्याचं उत्तर आलं, "छान आहे. कोणत्या दुकानातलं?"

प्रत्येक ठिपका उचलून त्याच्या डीएनएचा ठसा काढायचा. तो ठसा आडव्या रेघांचा येतो, आणि प्रत्येक वाणाच्या रेघा वेगळ्या. मासवणच्या वाणांना मी म-एक, म-दोन असे नंबर दिले. म-सात पटकन ओळखू यायचा, कारण त्याच्या तळाशी दोन रेघा अगदी बिलगून असायच्या. पहिल्या लॉटमध्ये तो दिसला. लॉट गेला, काकींनी शेड झाडलं, धुतलं, चुना मारला. नवीन पिल्लं आली. तिसऱ्या आठवड्यात मोज्यांवर म-सात हजर. पुढच्या लॉटलाही हजर. तो कधीच फार संख्येने नसायचा. गर्दीत मागे उभा राहणाऱ्या माणसासारखा असायचा, पण असायचा नक्की. बाकीचे वाण येत-जात होते. हा मासवणचा कायमचा रहिवासी.

त्याच्या मुक्कामाचं ठिकाण काकींनी मला आपण होऊन दाखवलं. शेड धुताना त्या सगळं तूस बाहेर टाकत नसत. एका कोरड्या कोपऱ्यातलं जुनं तूस चाळून गोणीत भरून ठेवत आणि नवीन पिल्लं यायच्या आदल्या दिवशी नव्या तुसात थोडं थोडं मिसळत. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर त्यावरून त्यांना रागवायचा.

"त्याला काय कळतं?" काकी म्हणाल्या. "एकदम कोऱ्या घरात पिल्लांना गमत नाय."

घरी नवरा रोज विचारायचा, "आज कोण भेटलं?" आणि मी सांगायचे, "म-सात." मुलीने शाळेत सांगितलं की आईचा एक मित्र आहे, तो कोंबडीच्या शीत राहतो. बाईंनी मला बोलावून घेतलं. तो प्रसंग सांगण्यासारखा नाही.

दुसरं शेड बेटेगावला मिळालं, आमच्या बोईसरपासून अगदी जवळ. तिथले काका कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखाना सुटला होता, पण त्यांच्यातून गेला नव्हता. फाटकावर पाटी: परवानगीशिवाय प्रवेश नाही. आत शिरताच औषधी पाण्याचे दोन टब, एक डाव्या पायासाठी, एक उजव्या. मी एकदा दोन्ही पाय एकाच टबात बुडवले तर त्यांनी मला परत फाटकाबाहेर पाठवून पुन्हा आत घेतलं. दाराशी रजिस्टर, कोण आलं, किती वाजता, कशासाठी, कुठून. लॉट गेला की काका शेड काँक्रीटपर्यंत खरवडून काढत, धूत, आगीच्या झोताने भाजत, चुना मारत, पुन्हा धूत. त्या फरशीवर पंगत बसवावी असं शेड.

मला ते शेड बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या लॉटला माझ्या बश्यांवर ठिपके फारसे उगवलेच नाहीत. मी काकांना सांगितलं तर ते खुर्चीत ताठ बसले.

"म्हणजे आपण पास?"

"काका, यात पास-नापास काही नसतं."

"असतं, मॅडम. सगळीकडे असतं."

मंगळवारी मासवण आणि शुक्रवारी बेटेगाव असा क्रम मी लावून घेतला. दोन्हीकडचे बूट वेगळे, कपडे वेगळे, मोजे तर दर वेळी नवीन. टोपली स्कूटरच्या पुढच्या हुकाला अडकवून मी रुबाबात जायचे.

काकांच्या दुसऱ्या लॉटचे पक्षी महिन्याचे झाले असतील. शुक्रवारच्या मोज्यांचा नमुना मी बशीवर लावला आणि रविवारी बशी उघडली, तर सगळी बशी हिरवी सोनेरी. बेटेगावची बशी! मला आधी वाटलं की बश्यांची अदलाबदल झाली. मग ठसे काढले. ज्या ठिपक्याला हात लावावा त्याच्या तळाशी दोन बिलगलेल्या रेघा. म-सात. नुसता आला नव्हता, सगळं शेड त्याने बळकावलं होतं.

मी धावत सरांकडे गेले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मासवण ते बेटेगाव," ते हळूच म्हणाले. "कसा?"

खरं सांगते, तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा आठवडा होता. मी सूर्या नदीचा विचार केला. बगळ्यांचा विचार केला. वाऱ्याचा केला. मनातल्या मनात शोधनिबंधाला तीन शीर्षकं देऊन झाली आणि तो वाचताना कोणती साडी नेसायची तेही ठरलं.

काकांना मात्र हे कळल्यावर ते उभेच राहिले. "आजार आहे का?"

"नाही काका. पक्षी खातात, पितात, वजनही बरोबर आहे. हा निरुपद्रवी आहे."

"निरुपद्रवी असेल. पण त्याला आत घेतलं कुणी?"

मग आम्ही दोघांनी तपास सुरू केला. पिल्लं? दोघांच्या कंपन्या वेगळ्या. खाद्य? वेगळं. पाणी? काकांची स्वतःची बोअर, तिचं पाणी मी तीनदा तपासलं, कोरं. चिमण्या? काकांच्या जाळीतून माशी जाणं कठीण, आणि मासवणची चिमणी बेटेगावला कशाला येईल? शेवटी काकांनी रजिस्टर काढलं. दोन महिन्यांत कोण कोण आलं त्यावर आम्ही दोघांनी ओळीने बोट फिरवलं. कंपनीचा सुपरवायझर, तो मासवणला जात नाही. जनावरांचे डॉक्टर, तेही नाही. पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन. मग मी. मग खाद्याची गाडी, मग मी. मग काकांचे व्याही, तेही फाटकापर्यंतच; मग मी. प्रत्येक शुक्रवारी काकांच्या सुबक अक्षरात माझं नाव होतं. आमची दोन्ही बोटं त्या नावावरून सरळ पुढे गेली.

"काहीच सापडत नाही," काका म्हणाले.

"गूढ आहे," मी म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मी हे गूढ मासवणला काकींना सांगितलं. तुमच्या शेडमधला एक जिवाणू बेटेगावला निघाला आहे, असं म्हटल्यावर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. घरचं कुणीतरी बाहेरगावी नाव काढतं आहे, तसं.

"मंग तो गेला कसा?" त्यांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही, काकी. पिल्लं वेगळी, खाद्य वेगळं, पाणी वेगळं."

"माझ्या शेडात बी येतं नि त्यांच्या बी, असं कोन हाय?"

"कुणीच नाही."

काकी खाद्याची पाटी कमरेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बुटांपासून वर पाहत पाहत त्या माझ्या चेहऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"कोनीच नाय?"

"कुणीच ना..." मी म्हटलं आणि मग त्यांच्या उलट्या बादलीवर जाऊन बसले.

त्या आठवड्यात मी स्वतःचाच नमुना घेतला. बुटांच्या दोन्ही जोड्या, तळवे, स्कूटरचं पायदान, हँडल, वही, पेन, तराजूचा हुक. सगळं कोरं. एकेक कोरी बशी बघताना जीव भांड्यात पडत होता. टोपलीही बाहेरून कोरी निघाली. मी जवळजवळ सुटलेच होते. पण कारखान्याची सवय वाईट. टोपलीच्या बुडाशी जिथे बांबूच्या पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथली एक पट्टी मी चिमट्याने उचकटून पाहिली. आत वाळलेल्या खपलीची बारीकशी रेघ होती. साबण तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. ती खरवडून बशीवर लावली. दुसऱ्या दिवशी जांभळ्या आगरवर हिरवे सोनेरी ठिपके उगवून आले. ठसा काढायची गरज नव्हती, तरी काढला. तळाशी दोन रेघा.

बगळे, नदी, वारा, साडी सगळं एका क्षणात गेलं. मंगळवारी मासवणची कोंबडी त्या टोपलीत बसली होती, शुक्रवारी बेटेगावची, आणि मी त्या टोपलीला बाल्कनीत ऊन देत होते.

मी बशी सरांपुढे ठेवली आणि काय ते सांगितलं. सरांनी बशी उजेडाकडे धरली. "छान वाढलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "अहवालात लिहा. आणि त्याआधी दोघांना जाऊन सांगून या." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

काकींना तर काही सांगावं लागलं नाही. मी तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "तूच ना?" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सून बाहेर आली. मग तिला सांगून पुन्हा हसल्या.

बेटेगावला जाताना मात्र मी स्कूटर हळूहळू चालवली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, रजिस्टर घेऊन आले, मागची पानं उलटली आणि माझ्या पहिल्या भेटीच्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, तो कोरा होता.

"इथे लिहा," ते म्हणाले. "पाहुणीसोबत टोपली. खाली सही."

मी लिहिलं. सही केली. त्यांनी रजिस्टर मिटलं, आत जाऊन चहा सांगितला आणि मग समोर बसून असा प्रश्न विचारला की ज्याचा मी आठवडाभर लाजण्याच्या नादात विचारच केला नव्हता.

"मला एक सांगा, मॅडम. त्या काकींकडे हा तीन-तीन लॉट राहतोय, तरी तिथे त्याची गर्दी नाही. आणि माझ्याकडे एका टोपलीतून आला आणि शेडभर झाला. असं का?"

मी चहाचा कप खाली ठेवला. मग जसं सुचत गेलं तसं सांगत गेले. काकींच्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून जुन्या तुसातून कितीतरी वाण मिळतात. ते सगळे पिल्लाच्या पोटात आपापली जागा धरतात, एकमेकांना आवरून धरतात. म-सातला तिथे पसरायला जागाच नसते. काकांच्या शेडमध्ये पिल्लू उतरतं तेव्हा सगळीकडे मोकळं. पोटही मोकळं. जो पहिला पोचेल त्याचं सगळं घर.

"म्हणजे स्वच्छता ठेवली ही माझी चूक?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला. चाळीस वर्षं स्वतःला पास समजत आलेल्या माणसाला कुणीतरी गुणपत्रिका पुन्हा तपासतो म्हणाल्यासारखं झालं होतं.

"नाही काका. पक्षी आजारी पडले तर असंच खरवडून काढायला हवं. पण निरोगी लॉट गेल्यावर सगळंच पुसून टाकलं, तर पुढे कोण येऊन बसेल ते आपल्या हातात राहत नाही. या वेळी म-सात आला, तो गरीब निघाला."

"आणि तो गुंड असता तर?"

काकांनी चहा संपवला. "मला ते शेड बघायचं आहे," ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी काका मोटारसायकलवरून मासवणला आले. पांढरा शर्ट, खिशात पेन, हातात लहानशी वही. शेडपासून दहा पावलांवर थांबले.

"मी आत येणार नाही," त्यांनी काकींना सांगितलं. "माझ्याकडून काही तुमच्याकडे यायला नको."

"मंग आलाव कशाला?" काकींनी विचारलं.

काका जाळीबाहेरूनच बघत राहिले. मग वही उघडली. "जुनं तूस किती ठेवता?"

"हाताला बरं लागंल तेवढं."

"किलोत सांगा."

"किलो कोन मोजतंय?" काकींनी आत जाऊन गोणीतलं मूठभर तूस आणलं आणि काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीखालचा तळहात धरून त्यावर ठेवलं. काकांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. "वास घ्या."

"वास?"

"घ्या तर खरं."

काकांनी डोळे मिटले, नाक जवळ नेलं आणि डोळे उघडले. "वासच नाही!"

"हां. तेच ठेवायचं. आंबूस मारायला लागलं, हाताला ओलं लागलं, की बाहेर. पक्षी आजारी झाला तर सगळंच बाहेर. त्यात माया धरायची नाय."

काका लिहीत होते. काकींनी मान उंच करून वहीत डोकावलं. "काय लिवता?"

"एसओपी."

"ती कोन?"

काकांना तिथून एक गोणी जुनं तूस घेऊन जायची फार इच्छा झाली. मी सरांना फोन लावला. सर इतक्या जोरात नाही म्हणाले की फोन कानाला असूनही काकींना ऐकू गेलं. दुसऱ्याच्या शेडमधलं न तपासलेलं तूस नेणं म्हणजे टोपलीपेक्षा मोठा घोटाळा. काकींचंही तेच मत पडलं, पण कारण वेगळं होतं. "माजं कशाला? तुमच्या शेडात कोंबड्या हगत नाय का?"

काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्या लॉटनंतर काकांनी स्वतःच्याच शेडमधलं कोरडं, वास नसलेलं तूस एका स्वच्छ पिंपात भरून ठेवलं, पिंपावर तारीख घातली, आणि नवी पिल्लं यायच्या आदल्या दिवशी ते मोजून, होय, किलोत मोजून, नव्या तुसात मिसळलं. मी आता दोन्ही शेडमध्ये त्या-त्या शेडची वजनाची प्लास्टिकची टोपली ठेवली होती. कोंबड्या पुन्हा माझ्या तोंडावर येत होत्या आणि ते मला मान्य होतं.

बेटेगावच्या बश्यांवर हळूहळू नवे ठसे दिसायला लागले. म-सात होता, पण आता इतरांबरोबर. त्यापुढच्या लॉटला तो फारच थोड्या ठिपक्यांत सापडला. आणि त्यापुढच्या लॉटला मी किती ठिपके उचलले, किती ठसे काढले, तरी तळाशी दोन बिलगलेल्या रेघा कुठेच दिसल्या नाहीत. सर म्हणाले, उत्तम निरीक्षण, लिहून ठेवा. मी लिहिलं. पण त्या दिवशी बोईसरला परत येताना मला वाईट वाटत होतं. नवऱ्याने विचारलं, "आज कोण भेटलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." त्याने माझ्या पुढ्यात चहा ठेवला. मासवणला तो अजून होता, हे खरं. पण परगावी गेलेला माणूस तिथे रुजता रुजता राहिला, असं काहीतरी वाटत होतं, आणि हे अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं.

पुढचा पावसाळा सरल्यावर काकींनी बेटेगावचं शेड बघायचं ठरवलं. काकांच्या अटी होत्या. स्वतःचा लॉट उचलून आठवडा झालेला असावा, डोक्यावरून अंघोळ केलेली असावी, त्या दिवशी घरच्या शेडमध्ये पाय ठेवलेला नसावा. काकींनी सगळं पाळलं. नवी साडी नेसून, सुनेच्या मागे स्कूटरवर बसून आल्या. दोन टबांत दोन पाय बुडवले, काकांनी दिलेले मोठे बूट घातले, आणि ठक ठक करत आत गेल्या.

आम्ही जाळीबाहेर उभे राहिलो. काकी शेडच्या मधोमध पोचल्या, साडी सावरून खाली तुसातच बसल्या. पिल्लं आधी लांब सरली. मग एक जवळ आलं, मग चार, मग त्यांच्या भोवती पिवळं रिंगण झालं. काकी त्यांच्याशी काहीतरी बोलत होत्या. बाहेर आम्हाला फक्त पुटपुट ऐकू येत होती.

"आत बसायची पद्धत नाही आपल्याकडे," काका मला हळूच म्हणाले.

"सांगू का त्यांना?"

काकांनी घड्याळ बघितलं. आत काकींनी एका पिल्लाला उचलून त्याची चोच निरखायला सुरुवात केली होती.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि हळूच पायरीवर टेकले.